‘इनेप्ट’ म्हणजे कोण?

इंग्रजी ग्रंथांवर मराठींत लिहिलेलीं परीक्षणें वाचतांना एका शब्दापाशीं आम्ही नेहमीं थबकतों. तो शब्द ‘इनेप्ट’. मूळ इंग्रजी टीकाकारानें एखाद्या कादंबरींतील संवादांस, एखाद्या कवीच्या उपमेस, किंवा एखाद्या मंत्रिमंडळाच्या कारभारास हें एकच विशेषण लाविलेलें असतें. आणि आमचे परीक्षणकार त्याच्या जागीं कधीं ‘अयोग्य’, कधीं ‘अकुशल’, तर कधीं ‘मूर्खपणाचा’ असा शब्द ठेवून पुढें जातात. ह्यांपैकीं कोणताहि शब्द सर्वस्वीं चुकीचा आहे असें म्हणतां येत नाहीं. कोश उघडला तर तिन्ही अर्थ तेथें सांपडतील. परंतु कोशांत तीन अर्थ एका रांगेंत बसले म्हणजे ते सख्खे भाऊ ठरत नाहींत. पुष्कळदां त्यांतला एक आजोबा, दुसरा बाप व तिसरा नातू असतो, आणि नातवाच्या वागणुकीवरून आजोबांची परीक्षा करणें न्यायाचें होत नाहीं. ह्या शब्दाची वंशावळ थोडी तपासून पाहावी असें आम्हांस वाटलें, तें केवळ व्युत्पत्तीच्या हौसेनें नव्हे. टीकाकाराच्या हातीं हा शब्द म्हणजे एक निवाडा असतो, आणि निवाडा नेमका कोणाविरुद्ध होत आहे हें कळल्यावांचून तो देणें बरें नव्हे.

लॅटिन भाषेंत ‘आप्टस’ असा शब्द आहे. बांधलेला, जोडलेला, आणि म्हणून जागच्या जागीं नीट बसलेला, असा त्याचा अर्थ. इंग्रजींतील ‘ॲप्ट’, ‘ॲप्टिट्यूड’, ‘अडॅप्ट’ हे शब्द ह्याच घरचे. इटालियन भाषेंतून वळसा घेऊन आलेला ‘ॲटिट्यूड’ हाहि ह्याच घरचा, जरी आज त्यास तें घर आठवत नसलें तरी. ह्या शब्दाच्या मुळाशीं असलेला धातु आणि आपला संस्कृत ‘आप्’ धातु हे एकाच पुरातन धातूचे वंशज होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘आप्’ म्हणजे पोंचणें, मिळविणें. प्राप्त, व्याप्त, पर्याप्त, समाप्त हे शब्द त्यापासून झाले, आणि मराठी माणूस ज्या नातलगांना लग्नकार्यांत मानानें बोलावतो ते ‘आप्त’हि त्यापासूनच झाले. म्हणजे इंग्रजांचा ‘ॲप्ट’ आणि आपला ‘आप्त’ हे फार दूरचे चुलतभाऊ निघतात. ही सोयरीक कोणी फार ताणूं नये. पण तिच्यामुळें एक गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते ती उपयोगाची आहे. कोणीहि एकटा आप्त असत नाहीं. तो कोणाचा तरी आप्त असतो.

‘आप्टस’ला नकारार्थी ‘इन्’ लागला कीं लॅटिनच्या नित्याच्या नियमानें मधल्या ‘आ’चा ‘ए’ होतो, आणि ‘इनेप्टस’ हें रूप तयार होतें. ‘आर्स’ म्हणजे कला. तिला तोच ‘इन्’ लागून ‘इनर्स’ झाला, व त्यापासून इंग्रजी ‘इनर्ट’. आज ‘इनर्ट’ म्हणजे निश्चल. त्यांत कलेचा अभाव होता हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. तसेंच ‘इनेप्ट’चें झालें. सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत हा शब्द इंग्रजींत येऊन पोंचला होता, पण येतांना तो ‘ए’कार घेऊन आला, आणि त्या एका स्वरामुळें इंग्रजाच्या कानास त्यांतला ‘ॲप्ट’ ऐकूं येईनासा झाला. बापाचा चेहरा ज्यानें उचलला नाहीं असें मूल जसें घराण्याच्या चालीरीतींतून लवकर मोकळें होतें, तसा हा शब्द मोकळा झाला. पुढें इंग्रजांनींच ‘ॲप्ट’पासून थेट ‘इनॅप्ट’ असा दुसरा शब्द बनविला. ‘अनॅप्ट’ तर जुना होताच. एका नात्याला तीन नकार झाले, आणि गोंधळास अवसर मिळाला.

परंतु मूळचा ‘इनेप्टस’ कोण होता? ह्याचें उत्तर सिसेरोनें दिलें आहे, आणि तें इतकें पुरेपूर आहे कीं त्यापुढें कोशकारांचे प्रयत्न फिके वाटतात. इ. स. पूर्वीं 55 मध्यें त्यानें ‘दे ओरातोरे’ हा वक्तृत्वावरचा संवादग्रंथ लिहिला. संवाद घडतो तो इ. स. पूर्वीं 91 मध्यें, क्रासस ह्या थोर वक्त्याच्या टस्क्युलम येथील बंगल्यांत. दुसऱ्या भागांत पाहुणे क्राससला वक्तृत्वशास्त्रावर व्याख्यान देण्याचा आग्रह करतात आणि तो मागें सरतो. मागें सरण्याचें कारण सांगतांना तो ह्या शब्दाकडे वळतो. लॅटिन भाषेंत ह्या शब्दाइतका अर्थभरित शब्द क्वचितच असेल, असें त्याचें म्हणणें. जो प्रसंगाची मागणी ओळखत नाहीं, जो फार बोलतो, जो आपलें प्रदर्शन मांडतो, ज्यांच्या सहवासांत आपण आहोंत त्यांच्या मानाचा वा सोयीचा जो विचार करीत नाहीं, असा माणूस ‘इनेप्टस’. आणि ग्रीक लोकांना ह्या दोषानें इतकें ग्रासलें आहे कीं त्यांनीं त्याला नांवसुद्धां दिलेलें नाहीं! कोठेंहि, कोणाहि समोर, गरज असो वा नसो, सूक्ष्म प्रश्नांवर वाद घालीत बसणें हें क्राससच्या मतें सर्वांत मोठें इनेप्टपण. (हें बोलून झाल्यावरहि क्रासस अखेर बोलतोच, आणि ग्रंथाचा तिसरा भाग बहुतांशीं त्याच्याच भाषणानें व्यापिला आहे, ही गोष्ट सिसेरोला दिसली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.)

ह्या वर्णनांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. क्राससच्या इनेप्टसला बोलतां येत नाहीं असें नाहीं. तो पंडित असूं शकतो, कुशल असूं शकतो, किंबहुना त्याचें कौशल्यच त्याच्या आड येतें. दोष त्याच्या अंगांत नाहीं. तो आणि ती वेळ, तो आणि ती मंडळी, ह्यांच्या दरम्यान आहे. आजच्या इंग्रजींत ज्यास इनेप्ट म्हणतात त्यास काम येत नसतें. सिसेरोच्या इनेप्टसला काम येत असतें, पण तें केव्हां करूं नये हें कळत नसतें. दोन्ही टोकें किती दूर आहेत पाहा!

ग्रीकांवरील आरोप मात्र आम्ही सिसेरोच्या पदरांत परत टाकूं. शोभणें आणि न शोभणें ह्यांस ग्रीक भाषेंत शब्द होते, आणि सिसेरोला ते ठाऊक होते, इ. स. पूर्वीं 46 मधील ‘ओरातोर’ ह्या ग्रंथांत ग्रीकांच्या ‘प्रेपोन’ ह्या कल्पनेला त्यानें स्वतःच ‘डेकोरम’ हा लॅटिन प्रतिशब्द योजिला आहे. त्याहून मोठा पुरावा म्हणजे ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस ह्याचीं स्वभावचित्रें. त्यांतील एक चित्र अवेळीं वागणाऱ्या माणसाचें आहे. हा गृहस्थ मित्र कामांत बुडालेला असतांना त्याच्याकडे मसलतीस जातो. प्रेयसी तापानें फणफणली असतांना तिच्यापुढें गाणीं म्हणतो. जामीन राहून नुकताच जो बुडाला त्यालाच आपणांस जामीन राहा म्हणून गळ घालतो. साक्ष द्यावयास जातो तो निकाल लागल्यावर. लग्नाच्या मेजवानींत स्त्रीजातीची निंदा करतो. लांबच्या प्रवासाहून कोणी घरीं येऊन टेंकला कीं त्याला ‘चला, फिरावयास जाऊं’ म्हणतो. सिसेरोच्या व्याख्येला ह्याहून जिवंत उदाहरणें रोमन साहित्यांत आम्हांस आठवत नाहींत. तथापि सिसेरोच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं थिओफ्रास्टसचा शब्द केवळ वेळेपुरता आहे. त्यांत काळ चुकतो. लॅटिन शब्दांत काळ, स्थळ, माणसें आणि प्रमाण हीं चारहि चुकतात. रोमन मनुष्य समाजांत वावरतांना स्वतःकडे इतरांच्या डोळ्यांनीं पाहत असे, आणि ह्या शब्दांत तो डोळा आहे.

कवींनीं हा शब्द आणखी हळुवार केला. सिसेरोचाच समकालीन कवि कातुल्लस प्रेमभंगानंतर स्वतःस बजावतांना ह्याच शब्दाचें क्रियापद वापरतो. आपल्या फुटकळ कवितांसहि त्यानें एके ठिकाणीं हेंच नांव दिलें. आणि कोर्टांत असो कीं स्मशानांत असो, पांढरे दांत दाखविण्यासाठीं सदैव हंसत राहणाऱ्या एग्नेशियसची त्यानें जी टर उडविली आहे, तिच्यांतहि घाव घालतो तो हाच शब्द. हंसणें वाईट नाहीं, दांतहि वाईट नाहींत. स्मशान वाईट नाहीं. तिन्ही एकत्र आलीं म्हणजे तें वाईट.

इतक्या सुरेख शब्दाची इंग्रजींत जी उतरण झाली ती हळूहळू झाली. प्रथम तो ‘न जुळणारा’ होता. न जुळणारें बोलणें हास्यास्पद वाटतें, म्हणून तो ‘मूर्खपणाचा’ झाला. मूर्खपणाचें बोलणारा मूर्ख असला पाहिजे, म्हणून विशेषण बोलण्यावरून बोलणाऱ्यावर गेलें. मूर्खाच्या हातून काम नीट होत नाहीं, म्हणून अखेर तो ‘अकुशल’, ‘ढिसाळ’ झाला, आणि आज इनेप्ट सरकार, इनेप्ट व्यवस्थापन, इनेप्ट गोलंदाजी असे प्रयोग सर्रास होतात. जुना अर्थ राहिला आहे तो एका कोपऱ्यांत: ‘सोशली इनेप्ट’ असें म्हणतात तेव्हां. सिसेरोच्या इनेप्टसला हल्लीं इंग्रजींत राहण्यासाठीं क्रियाविशेषणाचें भाडें भरावें लागतें! न जुळणाऱ्या उपमेस काटेकोर लेखक आतां ‘इनॅप्ट’ म्हणतात. पण काटेकोर लेखक थोडे, आणि मुद्रितें तपासणारे पुष्कळ, त्यामुळें लेखकाचा ‘इनॅप्ट’ छापखान्यांत ‘इनेप्ट’ होऊन बाहेर पडण्याचा संभव नेहमींचाच. एखाद्याच्या उद्गारास ‘इनेप्ट रिमार्क’ म्हटलें तर तो उद्गार अस्थानीं होता कीं ओबडधोबड होता हें पुढचें वाक्य वाचल्याशिवाय कळत नाहीं. फ्रेंचांनीं ह्यापेक्षां नीट वांटणी केली: त्यांचा ‘इनेप्त’ म्हणजे निर्बुद्धपणाचा, आणि ‘इनाप्त’ म्हणजे एखाद्या कामास, विशेषतः लष्करी नोकरीस, अपात्र.

ही उतरण पाहून एखादा म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतातच, त्यांत दुःख कसलें? अर्थ बदलला ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. पण ह्या बदलांत एक पक्षकार खटल्यांतून गुपचूप सुटून गेला आहे. न जुळणें हें दोघांमधलें असतें. किल्ली कुलुपाला लागत नाहीं तेव्हां किल्ली चुकीची असेल किंवा कुलूप गंजलेलें असेल. ‘इनेप्ट’ हा किल्लीचा दुर्गुण ठरला कीं कुलुपाकडे कोणी पाहत नाहीं.

हें कुलूप पाहणारा एक लेखक इटलीच्या कडेस, ट्रिएस्ट शहरांत होऊन गेला. त्याचें टोपणनांव इटालो स्व्हेवो (1861–1928). व्हिएन्नाच्या एका बँकेच्या तेथील शाखेंत त्यानें वर्षानुवर्षें कारकुनी केली. पुढें जेम्स जॉइस हा त्याचा इंग्रजीचा शिक्षक होता. त्याची पहिली कादंबरी 1892 मध्यें ‘उना व्हीता’, म्हणजे ‘एक जीवन’, ह्या नांवानें निघाली; पण त्यानें आधीं तिला नांव दिलें होतें तें ‘उन् इनेत्तो’. हा ‘इनेत्तो’ म्हणजेच आपला ‘इनेप्टस’. नायक आल्फोन्सो नित्ती हा खेड्यांतून आलेला, वाचनाची आवड असलेला, बँकेंतला कारकून. बँकेच्या मालकाच्या मुलीच्या सहवासांत तो येतो, दोघें मिळून कादंबरी लिहावयास बसतात, प्रकरण पुढें जातें, आणि ऐन वेळीं हा माणूस गांव सोडून निघून जातो. परत येतो तों मुलगी दुसऱ्याची झालेली असते. शेवट आत्महत्येंत होतो. कादंबरींत एके ठिकाणीं मालकाचा पुतण्या माकारियो समुद्रावर उडणाऱ्या पक्ष्यांकडे बोट दाखवून त्याला समजावितो कीं मासे पकडावयास मेंदू फारसा लागत नाहीं, पंख लागतात, आणि जन्मतः ज्याला पंख नाहींत त्याला ते पुढें फुटत नाहींत. ह्या बोलण्यांत त्या काळच्या विज्ञानाची छाया स्पष्ट आहे. हर्बर्ट स्पेन्सरनें 1864 मध्यें ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग रूढ केला, आणि 1869 च्या आवृत्तींत डार्विननें तो आपल्या ग्रंथांत घेतला. डार्विनच्या ग्रंथांत ‘फिट’ म्हणजे परिस्थितीशीं जुळलेला. लोकांनीं त्याचा अर्थ केला बलवान्, श्रेष्ठ. नातें पुन्हा गुण झालें. आणि तें किती महाग पडलें! 1927 मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सक्तीच्या वंध्यीकरणाचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरविला, तेव्हां न्यायमूर्ति होम्स ह्यांच्या निकालपत्रांत ‘अनफिट’ हाच शब्द होता. कशाला अनफिट, कोणाच्या मापानें अनफिट, हें विचारण्याची सोय त्या शब्दांत उरलीच नव्हती.

स्व्हेवोच्या कादंबरीचें शेवटचें पान बँकेच्या एका पत्राचें आहे. कारकुनाच्या मृत्यूची वार्ता कोरड्या व्यापारी भाषेंत दिली आहे, आणि आत्महत्येचें कारण आपणांस ठाऊक नाहीं असेंहि त्यांत नमूद आहे. हें पत्र वाचल्यावर ‘इनेत्तो’ कोण, आल्फोन्सो कीं बँक, हा प्रश्न वाचकाच्या मनांतून जात नाहीं. आल्फोन्सो निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचा पळपुटेपणा लेखकानें मुळींच झांकलेला नाहीं, आणि आम्हांस तो कित्येक ठिकाणीं चीड आणतो. पण लेखकानें शब्दाला त्याची दुसरी बाजू परत दिली.

ह्याच कुळांतल्या दुसऱ्या एका शब्दाची उलट तऱ्हा झाली आहे. ‘इनॲप्रोप्रिएट’ हा शब्द हल्लीं शाळा, कचेऱ्या व वर्तमानपत्रें ह्यांतून फार ऐकूं येतो. ‘इनेप्ट’नें नात्याचा गुन्हा केला, ‘इनॲप्रोप्रिएट’ गुन्ह्याचें नुसतें नातें करतो. जें दुष्ट आहे, त्यास ‘येथें शोभत नाहीं’ एवढेंच म्हणून सुटका करून घेतां येते. 17 ऑगस्ट 1998 रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं राष्ट्रास उद्देशून केलेल्या भाषणांत आपला तो प्रसिद्ध संबंध उचित नव्हता असें कबूल केलें, आणि लगेच तो चुकीचा होता अशी पुस्ती जोडली. पहिला शब्द पुरत नाहीं हें वक्त्यासहि कळलें असावें. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं 1964 चे जे वर्तननियम आहेत त्यांत ‘अनबिकमिंग’ वर्तनाची मनाई आहे. तो शब्द निदान ‘कोणास न शोभणारें’ हें सांगून टाकतो.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. संस्कृत साहित्यशास्त्रानें ह्या विषयाचा जितका खोल विचार केला आहे तितका इतरत्र क्वचितच झाला असेल. दागिना भलत्या अवयवावर चढविला तर हंसें होतें, हें भरतापासून सांगत आले आहेत. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें रसभंगाचें कारण म्हणून अनौचित्याकडेच बोट दाखविलें, आणि अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून पदापासून आशीर्वादापर्यंत सत्तावीस ठिकाणीं औचित्य कसें पाहावें तें दाखविलें. कालिदासाचीहि त्यानें गय केली नाहीं. ह्या सर्व विचारांत अनौचित्य हा संबंधाचा दोष आहे, वस्तूचा नव्हे. कंबरपट्टा वाईट नसतो; गळ्यांत घातला म्हणजे वाईट. म्हणून काव्यांतल्या ‘इनेप्ट’ उपमेस आम्ही ‘अनुचित’ म्हणूं. ‘अकुशल’ म्हणण्याचें कारण नाहीं. पुष्कळदां ती अतिकुशल असते, आणि तेंच तिचें दुखणें असतें.

पण माणसाबद्दल बोलतांना ‘अनुचित’ चालत नाहीं. ‘अयोग्य’ हा शब्द व्युत्पत्तीनें अगदीं जवळचा: युज् म्हणजे जोडणें, जोडण्यासारखा तो योग्य. परंतु मराठींत ‘योग्यता’ ही केव्हांच माणसाच्या गांठीची मिळकत होऊन बसली. ‘त्याची योग्यता मोठी’ असें आपण म्हणतों, कशाशीं जुळण्याची हें विचारीत नाहीं. ‘नालायक’ची कथा त्याहून बोलकी आहे. अरबी ‘लायक’ म्हणजे साजेसा, जुळणारा; त्यास फारसी ‘ना’ लागला. अमक्या कामास नालायक, एवढेंच मुळांत म्हणावयाचें होतें. आज बाप मुलास रागानें ‘नालायक!’ म्हणतो तेव्हां कोणत्या कामास, हें ना बाप सांगत ना मुलगा विचारीत. इंग्रजांच्या ‘इनेप्ट’चें जें झालें तेंच आपण ‘लायक’चें केलें, तेव्हां त्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

सिसेरोच्या इनेप्टसला मात्र मराठींत एक अस्सल घरगुती शब्द आहे, आणि परीक्षणकारांस तो कसा सुचत नाहीं ह्याचें आम्हांस नवल वाटतें. आजारी माणसाच्या उशाशीं बसून त्याच रोगानें गेलेल्यांच्या हकीकती सांगणाऱ्या पाहुण्याबद्दल घरांतल्या बायका काय म्हणतात? ‘मेल्याला पाचपोच म्हणून नाहीं.’ झालें! काळ, स्थळ, माणसें, प्रमाण, चारहि त्यांत आलीं. ‘पोच’ ही पोंचण्याची, आणि ‘आप्’ म्हणजेहि पोंचणें. धातु निराळे आहेत, कल्पना एक आहे: समोरच्या माणसापर्यंत ज्याचें मन पोंचत नाहीं तो. ‘सोशली इनेप्ट’ ह्या दोन शब्दांचें ओझें वाहण्याऐवजीं ‘पोच नसलेला’ असें लिहिलें तर मराठी वाचकास एका क्षणांत माणूस दिसेल. ढिसाळ कारभारास ‘ढिसाळ’ म्हणावें, भोंगळ संवादास ‘भोंगळ’ म्हणावें. तेथें सिसेरोला त्रास देण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिलें तें स्व्हेवोनें टाकून दिलेलें नांव. कोणी ती कादंबरी मराठींत आणावयाचें मनावर घेतलें, आणि लेखकाच्या मनांतलें पहिलें नांव द्यावयाचें ठरविलें, तर काय करावें? ‘नालायक’ म्हणावें तर तो बँकेचा शब्द झाला. ‘अपात्र’ हा परीक्षामंडळाचा. ‘पोच नसलेला’ म्हणावें तर आल्फोन्सोचें दुःख त्यांत मावत नाहीं. त्याला पोच आहे, थोडी जास्तच आहे. आम्हांस तूर्त ‘विजोड’ हा शब्द सुचतो. एकटें कोणी विजोड असूं शकत नाहीं. शब्द उच्चारतांच ‘कोणाशीं?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. पण तो बहुधा जोडप्यांस लावितात, त्यामुळें पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वाचकाची दिशाभूल होण्याचा धोका आहे. ह्याहून चांगला शब्द कोणा वाचकास सुचल्यास तो आम्हांस हवा आहे.